घरचा रकाना

आमच्या चारीला पाणी सुटायचं ते बहुतेक वेळा रात्रीच. नीरा डाव्या कालव्यावरचं गाव आमचं आणि रान अगदी चारीच्या टेलाला. वरच्या सगळ्यांची भिजवण झाली की उरलंसुरलं आमच्या वाट्याला. पाटकऱ्याने पाळीचा निरोप दिला की आण्णा मला हलवून उठवायचे. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी आणि शर्टाच्या खिशात निळ्या पुठ्ठ्याची लहान वही. उसाची एक सरी भरायला दहा-बारा मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात बॅटरीच्या उजेडात पाच शब्द पाठ करायचे, दार मोडून पाणी पुढच्या सरीत घालायचं, की पुन्हा पाच शब्द. बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो, बँकेच्या परीक्षा द्यायच्या होत्या, आणि मराठी माध्यमातल्या पोराला बँकेच्या दारात अडवतं ते इंग्रजीच, हे ज्याने त्याने सांगून ठेवलं होतं.

१९९६ च्या उन्हाळी आवर्तनातली एक रात्र मला लख्ख आठवते. वहीत 'आर' अक्षर चालू होतं. 'रायव्हल' म्हणजे प्रतिस्पर्धी. शब्द काही फार अवघड नाही, पण आमच्या शाळेत त्याची आणि माझी कधी गाठ पडली नव्हती. तेवढ्यात सरीतलं पाणी मंदावलं. आधी वाटलं, घुशीने बांध पोखरला असेल. मग पाणी घोट्याच्याही खाली उतरलं. आण्णांनी खोरं खांद्यावर टाकलं आणि अंधारात चारीच्या कडेने वर निघाले. माझ्या चुलत्याने वरच्या अंगाला दार फोडून पाणी आपल्या मक्यात वळवलं होतं. एकाच चारीवर दोघांची पाळी, एकाच रात्री. दोघा भावांचे आवाज पार माझ्यापर्यंत येत होते. आई-माई सगळं निघालं. आई दोघांची एकच होती, हे दोघंही विसरले होते. मी मात्र सरीत उभा राहून "रायव्हल, प्रतिस्पर्धी, रायव्हल, प्रतिस्पर्धी" असं पुटपुटत होतो. त्या शब्दाचा अर्थ त्या वेळी माझ्या पायांजवळून आटत चालला होता, हे कळायला पुढे बारा वर्षं जावी लागली.

वहीत दोन रकाने होते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मराठी अर्थ एकच, तोही बाजारात मिळणाऱ्या शब्दसंग्रहातून उतरवलेला. 'युबिक्विटस' म्हणजे सर्वव्यापी, 'इफेमेरल' म्हणजे क्षणभंगुर, 'अँबिव्हॅलंट' म्हणजे उभयभावी. आता मागे वळून बघतो तेव्हा हसू येतं. 'उभयभावी' हा शब्द मी आयुष्यात कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. म्हणजे एक परका शब्द पाठ करायला मी दुसऱ्या परक्या शब्दाचा आधार घेत होतो. 'क्वेरुलस'ला आमच्या घरात 'कुरकुऱ्या' म्हणाले असते, 'टॅसिटर्न'ला 'घुम्या', 'ऑब्सिक्विअस'ला 'पुढेपुढे करणारा'. पण असले शब्द वहीत लिहायचे असतात हे मला ठाऊकच नव्हतं. इंग्रजी म्हणजे इस्त्रीचे कपडे. त्यांच्या शेजारी मराठीही धुऊन, परीटघडी करूनच बसवायची, अशी काहीतरी समजूत होती.

ती समजूत मला १९९८ साली भोवली. एका बँकेच्या लेखी परीक्षेत पास होऊन मी मुलाखतीपर्यंत पोचलो. टेबलापलीकडे चौघं. त्यातल्या एकांनी, मी मोकळा व्हावा म्हणून असेल, घरची चौकशी केली. वडील काय करतात, स्वभावाने कसे आहेत. मला आण्णा डोळ्यांसमोर दिसले. वाकडे झालेले खिळे दगडावर ठोकून सरळ करणारे. आलेल्या पाकिटांच्या पाठीवर सोसायटीचा हिशेब मांडणारे. मला कॉलेजात घालायला घरचं खोंड विकणारे. एक जड शब्द वापरायची ही संधी होती. मी छाती भरून म्हणालो, "माय फादर इज अ व्हेरी पार्सिमोनिअस मॅन, सर." वहीत लिहिलं होतं : पार्सिमोनिअस, काटकसरी.

चौघांपैकी एका बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि अगदी सौम्य आवाजात विचारलं, म्हणजे वडील कंजूष आहेत का? बाकीचे तिघं हसले. हसण्यात वाईट हेतू नव्हता. पण मला समजेना की आपलं काय चुकलं, आणि समजेना म्हणून पुढच्या प्रश्नांची उत्तरंही गळ्यात अडकत गेली. नोकरी मिळाली नाही. ती त्या एका शब्दापायी गेली असं मी म्हणणार नाही. ताळेबंदावरच्या प्रश्नालाही मी गडबडलो होतो. पण परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. मी चार अनोळखी माणसांसमोर माझ्या बापाला चिक्कू म्हणून आलो होतो.

पैसा जपून वापरणाऱ्या माणसाला मराठीत किती शब्द आहेत, बघा. काटकसरी, हिशेबी, हात राखून खर्च करणारा, चिकट, चिक्कू, कंजूष, कवडीचुंबक. ही एक शिडी आहे. वरच्या पायरीवर कौतुक आहे, खाली उतरत जावं तसा तिरस्कार. 'हिशेबी'वर पाय ठेवला की घसरायला सुरुवात होते. गावातलं शेंबडं पोरही ही शिडी न चुकता उतरतं. कोणाला काटकसरी म्हणायचं आणि कोणाला चिक्कू, हे त्याला शिकवावं लागत नाही. इंग्रजीतही तशीच शिडी आहे. 'फ्रुगल' आणि 'थ्रिफ्टी' वर, 'पार्सिमोनिअस' बराच खाली, 'स्टिंजी' आणि 'मायझरली' तळाशी. माझ्याजवळ मराठी शिडी पूर्ण होती. वहीने मला दोन्हीकडची एकेक सुटी पायरी दिली आणि ती सारख्या उंचीवरची आहे असं सांगितलं.

बँकेत गेलो नाही तो नाहीच. २००१ साली पुण्यात पेठेतल्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये इंग्रजीचे सर अचानक सोडून गेले आणि मला, तिथेच अभ्यासिकेत बसणाऱ्याला, मालकांनी विचारलं, महिनाभर ओढून न्याल का? तो महिना अजून चाललाय.

सुरुवातीची काही वर्षं मी तेच केलं जे माझ्यावर झालं होतं. फळ्यावर रोज पंचवीस शब्द, समोर पंचवीस अर्थ, दुसऱ्या दिवशी चाचणी. पोरं अप्पा बळवंत चौकातून नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड ईझी' आणायची. हे पुस्तक १९४९ सालचं आणि मुळात अमेरिकेतल्या वाचकांसाठी लिहिलेलं. पण आमच्या अभ्यासिकांमध्ये एका खोलीत त्याच्या निदान चार प्रती सापडतील. लुईस शब्दांची कुळं लावतो, मूळ धातूवरून पाच-सहा शब्द एकत्र बांधतो. पोरं मात्र त्यातले धातू सोडून फक्त शब्द वहीत उतरवत. मीही त्यांना अडवत नव्हतो, कारण वेळ कुठे होता? बँकेच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे तीस प्रश्न वीस मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला चाळीस सेकंद. त्यात शब्दाच्या खानदानाची चौकशी कोण करत बसणार?

शिवाय माझे बहुतेक शब्द डोळ्यांनी आलेले होते, कानांनी नाही. 'सार' किंवा 'मूर्तिमंत उदाहरण' या अर्थाचा एक शब्द मी सहा वर्षं 'एपिटोम' असा शिकवला. सातव्या वर्षी एका मुलीने तास संपल्यावर, सगळी गेली आहेत याची खात्री करून, हळूच सांगितलं, "सर, ते 'इपिटमी' असतं." सहा वर्षांत माझ्यासमोर काही हजार पोरं बसून गेली असतील. त्यातली किती कुठल्या कुठल्या मुलाखतीत 'एपिटोम' म्हणाली असतील, याचा विचार करत मी त्या दिवशी घरी चालत गेलो. बसचं भान राहिलं नाही.

खरा धक्का बसला तो २००८ साली. पूरग्रस्तांवरचा एक उतारा चालला होता, त्यात 'हॅरोइंग' हा शब्द आला. मी सवयीने फळ्यावर लिहिलं : हृदयद्रावक. मागच्या बाकावर माण तालुक्यातला एक मुलगा बसायचा, फारसा बोलायचा नाही. त्याने हात वर केला.

"सर, हॅरो म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं लावतात तोच का?"

वर्ग खो खो हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "अरे, तो हॅरो वेगळा." तो खाली बसला.

रात्री सहज म्हणून जाडा कोश उघडला. तोच हॅरो होता. नांगरट झाल्यावर ढेकळं फोडायला रानातून जे अवजार ओढतात त्याचं नाव हॅरो. त्यावरून क्रियापद, आणि त्यावरून मनाला ओरबाडून काढणाऱ्या अनुभवाला 'हॅरोइंग'. आपल्या कुळवाला आडवी लोखंडी फास असते, त्यांच्या जुन्या हॅरोला दाते असायचे. दाते लावलेला कुळव काळजावरून ओढत न्यावा, तसं. 'हृदयद्रावक' या शब्दात हृदय पाझरतं. 'हॅरोइंग'मध्ये ते पाझरत नाही, उकरलं जातं. मी पोरांना दिलेला अर्थ नुसता कोरडा नव्हता, थोडा चुकीचाही होता. आणि बरोबर अर्थ मागच्या बाकावर बसला होता. मी त्याला हसून खाली बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलाची माफी मागितली. त्याला अवघडल्यासारखं झालं. मला मात्र एक प्रश्न लागला तो लागलाच. शेतकऱ्याचा पोर मी. कुळवावर दगड ठेवून त्यावर बसून फेऱ्या मारलेल्या. तरी मला हे का सुचलं नाही? उत्तर फार सुखाचं नव्हतं. वहीतला शब्द आणि रानातली वस्तू एक असू शकते, हे माझ्या मनाने कधी मान्यच केलं नव्हतं. इंग्रजी शिकायचं ते रान सुटावं म्हणून. मग इंग्रजीत रान सापडेल कसं?

त्यानंतर मी शोधत सुटलो, आणि जिकडे तिकडे रानच निघालं. 'आफ्टरमॅथ' म्हणजे युद्धानंतरचे, आपत्तीनंतरचे परिणाम. मुळात गवत एकदा कापल्यावर त्याच बुडख्यांतून पुन्हा वाढणारं दुसरं गवत. उसातला खोडवा माहीत असलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. 'ब्रॉडकास्ट' म्हणजे बी मुठीने फोकणं. रेडिओ फार नंतर आला. 'डेलिरिअम' म्हणजे वातातली बडबड. त्याच्या पोटातला लॅटिन 'लिरा' हा शब्द नांगराच्या तासाशी निगडित. तास सोडून भरकटलेलं औत, तशी तास सोडून भरकटलेली बुद्धी. 'ट्रिब्युलेशन' म्हणजे हालअपेष्टा; त्यात रोमन लोकांचं मळणीचं अवजार आहे. 'पेक्युनिअरी' म्हणजे पैशासंबंधीचं. त्याच्या मुळाशी लॅटिन 'पेकू', म्हणजे गुरंढोरं, आणि हा शब्द आपल्या 'पशू'चा सख्खा नातेवाईक. ज्याच्या दावणीला जनावर त्याच्या गाठीला पैसा, हे रोमलाही ठाऊक होतं आणि खोंड विकणाऱ्या आण्णांनाही.

आणि मग एके रात्री 'रायव्हल'. लॅटिन 'रिव्हस' म्हणजे ओढा. 'रिव्हालिस' म्हणजे ज्यांचं पाणी एकाच ओढ्यावरचं ते दोघं.

कोश मांडीवर तसाच राहिला. मला ती बॅटरी दिसली, घोट्याखाली उतरलेलं पाणी दिसलं, अंधारातून येणारे दोघा भावांचे आवाज ऐकू आले. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीत कोणीतरी कोणाच्यातरी पाळीला दार फोडलं असेल, शिव्या दिल्या असतील. त्या भांडणाचं नाव घासत-घासत क्रिकेटच्या सामन्यांपर्यंत येऊन पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी 'रायव्हल' लिहून 'प्रतिस्पर्धी' लिहिलं नाही. विचारलं, "पाळीवरून भांडण कोणाकोणाच्या घरात झालंय?" साठातले चाळीस हात वर.

मग मी मोल्सवर्थ घेतला, शुभदा-सारस्वतने १९७५ साली काढलेलं पुनर्मुद्रण, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून. जेम्स मोल्सवर्थ हे कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी; त्यांनी मराठी पंडितांना आणि कँडी बंधूंना हाताशी धरून केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. आम्ही सगळे इंग्रजीकडून मराठीकडे येतो. हा कोश मराठीकडून इंग्रजीकडे जातो. माझ्या पोरांना हीच वाट हवी होती. घरातून निघायचं, घरचा शब्द हातात धरायचा आणि त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते पाहायचं. शेताभाताचे, बलुतेदारांचे, जनावरांच्या दुखण्यांचे शब्द त्यात ओळीने बसलेले. पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बारक्या टायपातली ती पानं उलटताना मला आमच्या खळ्याचा वास यायचा.

इथवर गोष्ट छान आहे आणि इथेच थांबली असती तर मला शिक्षक म्हणून मिरवता आलं असतं. पण व्युत्पत्तीची नशा चढते. माझ्या एका विद्यार्थ्याने सराव परीक्षेत 'इग्रीजस' या शब्दाला 'असामान्य, श्रेष्ठ' हा पर्याय निवडला. मी विचारलं, का रे? तो म्हणाला, "सर, तुम्हीच सांगितलं होतं. 'ग्रेक्स' म्हणजे कळप. कळपातून उठून दिसणारा." मी सांगितलं होतं, खरंच. आणि जुन्या काळी तो शब्द स्तुतीचाच होता. पण नंतर त्याचा कल फिरला, आणि आज 'इग्रीजस एरर' म्हणजे डोळ्यांत खुपणारी घोडचूक. कळपातून उठून दिसतं ते वाईटपणामुळे. 'नाइस'ची तर त्याहून गंमत. तो ज्या लॅटिन शब्दापासून निघाला त्याचा अर्थ अडाणी. शब्दाचं मूळ ही त्याची जन्मपत्रिका. पत्रिकेवरून माणसाची आजची वागणूक कळत नाही. त्यासाठी तो कोणाबरोबर ऊठबस करतो ते बघावं लागतं. 'इग्रीजस'च्या आगेमागे नेहमी चूक, अन्याय, उल्लंघन अशीच मंडळी सापडतात. दहा वाक्यं वाचली असती तर त्या पोराला कळलं असतं. मी त्याला एक गोष्ट सांगितली होती, वाक्यं दिली नव्हती. माझ्या वहीने मला जसं फसवलं होतं, तसंच मी त्याला फसवलं, फक्त जास्त रंगवून.

तेव्हापासून वहीला तीन रकाने झाले. पहिल्यात शब्द. दुसऱ्यात तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य, वर्तमानपत्रातलं किंवा जुन्या प्रश्नपत्रिकेतलं. स्वतः रचलेलं चालणार नाही. तिसऱ्या रकान्याला मी 'घरचा रकाना' म्हणतो. तिथे असा शब्द, अशी म्हण किंवा असा प्रसंग लिहायचा जो आपल्या घरात खरोखर बोलला गेला आहे. तिथे 'उभयभावी' चालत नाही. 'अँबिव्हॅलंट'समोर एका मुलीने लिहिलं होतं, "दादाच्या लग्नात आई." त्याच्या पुढे मला काही शिकवायचं उरलं नाही.

पाठांतर मी सोडलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. नवं ऐकलेलं किती झपाट्याने निसटतं हे हर्मन एबिंगहाउसने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं, आणि माझी पोरं ते दर सोमवारी नव्याने सिद्ध करतात. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ साली सुचवलेली पेटी मी वर्गात चालवतो. बुटाच्या खोक्याचे पुठ्ठा लावून पाच कप्पे करायचे. नवा शब्द चिठ्ठीवर लिहून पहिल्या कप्प्यात. आठवला तर पुढच्या कप्प्यात, चुकला तर पुन्हा पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, शेवटचा महिन्यातून एकदा. आपल्या जुन्या शाळांत याला उजळणी म्हणायचे. तांब्याचं भांडं रोज घासायचं, म्हणजे उजळ राहतं.

परीक्षाही हळूहळू बदलत गेल्या. अमेरिकेला निघालेल्या पोरांची जीआरईची एक लहान तुकडी मी काही वर्षं सकाळी घ्यायचो. बॅरन्सची साडेतीन हजार शब्दांची यादी म्हणजे त्यांची पोथी. ऑगस्ट २०११ मध्ये त्या परीक्षेतून सुटे विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या गेल्या, आणि वाक्यात शब्द बसवायचे प्रश्न उरले. यादी घोकलेली पोरं हवालदिल झाली. मला मनातून बरं वाटलं. एसएससीच्या आणि सीडीएसच्या पेपरांत मात्र सुटा शब्द आणि खाली चार पर्याय अजून येतात, त्यामुळे यादी विकणाऱ्यांचं दुकानही चालू आहे.

रकान्यांमुळे वर्गात कधीकधी वेगळंच काही वर येतं. एकदा 'व्हिलन' निघाला. हा मुळात 'व्हिला'वर, म्हणजे जमीनदाराच्या शेतावर राबणारा गडी. त्याचा आधी गावंढळ झाला, मग नीच, मग थेट खलनायक. आणि 'अर्बेन' म्हणजे सभ्य, सुसंस्कृत. तो आला 'अर्ब्स', म्हणजे नगर या शब्दावरून. पोरं चिडली. इंग्रजांनी शेतकऱ्याला खलनायक केलं, असा सूर लागला. तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "सर, आपल्याकडं पण तेच हाय की. 'नागर' म्हणजे सुसंस्कृत आणि 'ग्राम्य' म्हणजे घाणेरडं बोलणं." वर्ग एकदम गप्प झाला. लिहिणारे सगळीकडे नगरातच राहत होते. त्या दिवशी पुढचे शब्द झाले नाहीत.

आता माझी अडचण वेगळीच झाली आहे. मागच्या वर्षी 'ग्लीन' शब्द घेतला. उताऱ्यावरच्या प्रश्नांत तो सारखा येतो : उताऱ्यातून काय वेचता येतं? मी नेहमीच्या आत्मविश्वासाने म्हणालो, "सोपं आहे, सरवा वेचणं." समोर साठ कोरे चेहरे. बहुतेक सगळी खेड्यातलीच, पण वीस-बावीस वर्षांची. रानात रोटाव्हेटर फिरतो, गहू हार्वेस्टरने निघतो, ठिबकमुळे रात्रीचं दार धरणंही कमी झालंय. एका मुलीने विचारलं, "सर, सरवा म्हणजे?" मग मी आधी सरवा समजावला, पीक काढून नेल्यावर रानात पडून राहिलेली कणसं, त्यानंतर 'ग्लीन'. खरं तर 'ग्लीन' तिला आधीच पाठ होता. तो पूल मी ज्या काठावरून बांधायला घेतला होता, तो काठच मागे सरकत चाललाय. कुळव म्हणजे काय, हेही हल्ली फळ्यावर चित्र काढून सांगावं लागतं, आणि माझी चित्रकला बेताची आहे.

त्या मुलीला मी म्हटलं, आजी असेल तर फोन करून विचार. दोन दिवसांनी ती वही घेऊन आली. घरच्या रकान्यात जागा पुरली नव्हती म्हणून मागच्या पानावर लिहिलं होतं. आजी म्हणाली होती, सरवा वेचायला मालकाला विचारायचं नसतं. पण मालकानेही रान झाडून न्यायचं नसतं, काही पडू द्यायचं असतं. कोण वेचतंय ते दिसू नये म्हणून आम्ही दिवस कलल्यावर जायचो. मुलीने खाली पेनाने दोनदा रेघ मारली होती. आजी सरवा वेचायला जायची हे तिला त्या फोनपर्यंत ठाऊक नव्हतं. तिच्या वडिलांनाही नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकू कमी येतं. ओट्यावर बसून लाकडी पेटीत सुतळीचे तुकडे गाठी मारून ठेवत होते. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, सत्तावीस वर्षं न सांगितलेली ती मुलाखतीची गोष्ट मी त्यांना सांगितली. जरा मोठ्याने सांगावी लागली, त्यामुळे आतली माणसंही बाहेर आली. मला म्हणायचं होतं काटकसरी, आणि मी म्हणून आलो चिक्कू, असं शेवटी म्हणालो.

आण्णांनी सुतळीची गाठ दातांनी आवळली.

"मग चुकलास कुठं? मी चिक्कूच हाय," ते म्हणाले. "नसतो, तर तुझी फी कुठनं भरली असती?"

आत गेल्यावर मी खिशातली वही काढली. ती मी अजून ठेवतो, पोरांना सांगायचं आणि आपण ठेवायची नाही, हे बरं दिसत नाही. 'पार्सिमोनिअस'समोर तिसऱ्या रकान्यात बरीच वर्षं काही लिहिलेलं नव्हतं. तिथे मी आण्णांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.